डावं पेडल

चोर पकडायला निघालेल्या माणसाच्या हातात काठी असते. तिच्या हातात रंगाचा ब्रश होता, कारण घाईत तोच सापडला. सकाळचे सहा वाजले होते, मागचं अंगण दवानं ओलं होतं, आणि भिंतीवरून खाली सोडलेल्या सुतळीपाशी खरंच एक माणूस उभा होता. पाठमोरा, उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. गारवेलीचा कोवळा शेंडा त्यानं दोन बोटांत धरला होता, आणि मेल्यानं धरला होता तोही किती हलक्या हातानं...

“सापडलात,” ती म्हणाली.

तो दचकला नाही. तिला पहिल्यांदा खटकलं ते हेच. चोरानं निदान दचकावं तरी.

“एक मिनिट,” तो मागे न बघताच म्हणाला. “हा वेढा पूर्ण होऊ दे. नाहीतर परत सुटेल.”

हा सायकलवाला. महिन्यापूर्वी त्यानं शेजारचा गाळा घेतला होता. गाळ्याचं मागचं दार याच अंगणात उघडायचं, एवढीच त्याची तिची ओळख. दुकानावरची जुनी पाटी त्यानं खरवडून कोरी केली होती आणि ती तशीच कोरी लटकत होती. पाट्या रंगवून पोट भरणाऱ्या बाईच्या शेजारी राहून कोरी पाटी मिरवायची, हा तिच्या मते आधीच एक अपमान होता. त्यात आता हे.

तिनं त्याला सगळं एका दमात ऐकवलं. गेले तीन आठवडे ती रोज संध्याकाळी कामावरून येऊन वेल सुतळीला गुंडाळते, आणि रोज सकाळी वेल सुटून लोंबत असते. कधी एक वेढा, कधी तीन. परवा तर शेंडा बांधलेला सापडला, तो सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रबरी पट्टीनं. आता अंगणात अशी पट्टी कुणाकडे असते, ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

“पट्टी माझीच,” तो म्हणाला. “पण मी सोडत नाही, बाई. मी बांधतो. सुटते ती आपली आपण.”

“वेलीला हात फुटलेत?”

“वेलीला नाहीत. तुम्हाला आहेत.” आता तो वळला. चेहरा हसरा होता, आणि तिला तेही आवडलं नाही. “तुम्ही तिला उलटी गुंडाळता.”

उलटी.

जगात हजार शब्द होते. या माणसानं नेमका तोच उचलला.

ब्रश तिच्या डाव्या हातात होता. तिच्या सगळ्याच गोष्टी डाव्या हातात असायच्या. शाळेत बाईंनी त्या हातावर फूटपट्टी मोडली होती, काकांनी तो पाठीमागे बांधून ठेवला होता, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा ती पाण्याचा पेला पुढे करायची तेव्हा म्हणायचा, उलट्या हाताची आहे वाटतं पोर. डावरी हे नाव तिला तेव्हा चिकटलं. सातव्या वर्षी मावशी तिला आपल्याकडे घेऊन आली आणि पहिल्याच दिवशी पेन्सिल तिच्या डाव्या हातात देऊन म्हणाली, ज्या हाताला अक्कल आहे त्या हातानं लिही. त्या एका वाक्यावर ती वीस वर्षं उभी होती.

तरी जग उजवंच राहिलं. कात्री उजवी, डबा उघडायची किल्ली उजवी. अक्षरंसुद्धा डावीकडून उजवीकडे पळायची, म्हणजे डाव्या हातानं लिहिलं की मागून येणारा हात ओलं अक्षर पुसत जायचा. मग तिनं यावर आपला तोडगा काढला. ती पाटी शेवटून रंगवायची. आधी शेवटचं अक्षर, मग त्याच्या आधीचं, असं करत पहिल्यावर यायचं आणि मग उजवीकडून डावीकडे एका श्वासात शिरोरेघ ओढायची. एकही अक्षर कधी फरकटलं नव्हतं. पण काम करताना ती दार लावून घ्यायची. बघणारे हसतात, आणि हसणाऱ्यांच्या अंगावर रंग उडतो, आणि मग गिऱ्हाईक जातं.

“माझ्या वेलीला हात लावायचा नाही,” ती सायकलवाल्याला म्हणाली आणि आत जाऊन दार असं आपटलं की वरच्या खिडकीची काच थरथरली.

*

वेल तिची नव्हतीच खरं तर. वेल मावशीची होती.

अंगणातली सगळी बाग मावशीची. दोन महिन्यांपूर्वी जिन्यावरून पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून मावशी वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होती. हाड सांधलं होतं. डॉक्टर म्हणत होते, आता उठून बसायला हवं, रोज थोडं थोडं, नाहीतर बसायची सवयच जाईल आणि मग कायमचं अंथरूण. मावशी म्हणायची, बसून काय बघू? बाग खाली, मी वर.

डावरीला राग आला की तिला युक्त्या सुचायच्या. “तू खाली येत नाहीस ना? मग मी बाग वर आणते,” ती म्हणाली होती. “गारवेल खिडकीशी आली की उठून बसायचं. कबूल?”

मावशी भिंतीकडे बघतच म्हणाली होती, “आधी येऊ तर दे.”

मग मावशीच्या डब्यातलं गेल्या वर्षीचं बी निघालं. काळं, तिकोनी, खड्यासारखं कडक. तिनं एकेक बी पाटी घासायच्या पॉलिश पेपरवर जरासं खरवडलं, रात्रभर पाण्यात ठेवलं आणि भिंतीच्या पायथ्याशी थेट मातीतच पेरलं, कारण गारवेलीला एका जागेवरून दुसरीकडे हलवलेलं सोसत नाही. वरच्या खिडकीच्या गजापासून जमिनीपर्यंत दोन सुतळ्या सोडल्या. रोपं छान आली. आणि मग कमरेएवढ्या उंचीवर येऊन जी अडकली, ती अडकलीच. खिडकी अजून आठ फूट वर, आणि वेल खाली लोळतेय. रागाच्या भरात तिनं दोन घमेली शेणखत ओतलं. मावशीला वासानं कळलं. “खत नको घालूस तिला,” ती भिंतीकडे तोंड करूनच पुटपुटली. “पोट भरलं की ती पानंच काढत बसते. जरा उपाशी राहिली की फुलते.”

तेवढंच बोलली ती त्या आठवड्यात. म्हणून डावरीच्या लेखी वेलीचा प्रत्येक सुटलेला वेढा म्हणजे मावशीचा एक दिवस होता. आणि तो दिवस चोरणारा माणूस हसून म्हणत होता, उलटी गुंडाळता.

*

दुसऱ्या दिवशी भिंतीवर पत्र्याची पाटी लागली. लाल रंग, ठसठशीत अक्षर: वेलीला हात लावू नये.

संध्याकाळी खाली खडूनं लिहिलेलं होतं: हात नाही. दोन बोटं.

तिनं दुसरी पाटी केली. बोटेही लावू नयेत.

खडू म्हणाला: बरं. नजर लावली तर चालेल?

ही ओळ तिनं दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा वाचली म्हणून स्वतःवरच चिडली. तिसऱ्या पाटीवर लिहिलं, नजर लागते, तीही लावू नये. त्यावर उत्तर आलं: मग नुसतं लक्ष ठेवतो.

कामावर, शिडीवर उभी राहून औषधाच्या दुकानाच्या पाटीला नुसता पांढरा रंग देताना, तिला पुढचं उत्तर सुचत राहायचं. तोंडातल्या तोंडात ती भांडायची. एकदा शिडीखालून जाणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, कुणाशी बोलतेस बाळ? ती म्हणाली, शत्रूशी. म्हातारा म्हणाला, शत्रूचं नाव काढताना कुणी असं लाल होत नाही. तिनं रंग सांडला.

दरम्यान वेल होती तिथेच होती. ती गुंडाळायची, वेल सुटायची. फक्त आता रबरी पट्ट्या नव्हत्या. त्यानं शब्द पाळला होता. याचाही तिला राग आला, आणि मग हळूच, नको असताना, एक शंका आली.

सुट्टीच्या दिवशी तिनं त्याच्या मागच्या दारावर थाप मारली आणि आज दिवसभर अंगणात पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. का, असं त्यानं विचारलं. “प्रयोग आहे,” ती म्हणाली. एका सुतळीवरचा शेंडा तिनं नेहमीसारखा आपल्या हातानं गुंडाळला. दुसऱ्या सुतळीवरचा तसाच मोकळा टेकवून ठेवला. मग रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसली, चहाचा पेला हातात घेऊन, पोलिसासारखी.

कुणी आलं नाही. वारा नव्हता, मांजर नव्हतं. दहाच्या सुमाराला तिनं घातलेला वेढा फुगला. अकराला दोरी सोडून बाजूला झाला. बारा वाजता शेंडा अलगद मान काढून घेतल्यासारखा बाहेर आला आणि हवेत लोंबायला लागला. आणि दुसरा, मोकळा सोडलेला, त्यानं तेवढ्या वेळात स्वतःहून अर्धा वेढा घेतला होता. खालून वर. डावीकडून उजवीकडे.

सुतावरून तिनं स्वर्ग गाठला होता. चोर नव्हताच. म्हणजे होता, पण तो डब्यावर बसून चहा पीत होता.

“तू पण?” ती वेलीला म्हणाली. “तू पण उजवीच?”

माणसांचं एक ठीक होतं. पण एवढीशी वेल, जिला ना शाळा ना काका, तीसुद्धा तिच्या हाताला नाही म्हणते? तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागाचं पाणी दुःखाच्या पाण्यापेक्षा गरम असतं, ते पुसलं तरी गालावर राहतं.

मागचं दार करकरलं. सायकलवाला उंबऱ्याच्या आतच उभा होता. पाऊल टाकायचं नाही म्हटलं होतं, म्हणून टाकलेलं नव्हतं.

“यायची परवानगी आहे?”

“या. जिंकलात तुम्ही. हसा.”

तो हसला नाही. त्याच्या हातात ग्रीसनं काळवंडलेली दोन पेडलं होती. तो तिच्यापासून हातभर अंतरावर पायरीवर बसला आणि त्यानं ती तिच्यासमोर धरली.

“हे उजवं. हे डावं. आटे बघा.”

तिनं बघितलं. बारीक कोरलेले चकचकीत आटे. एकाचे एकीकडे चढलेले, दुसऱ्याचे दुसरीकडे.

“डाव्याचे उलटे आहेत,” ती म्हणाली. “कळलं. माझ्यासारखे. झालं समाधान?”

“ऐकून तर घ्या. दोन्हीकडे एकसारखे आटे दिले ना, तर डावं पेडल चालवता चालवता सैल होत जातं. आणि ऐन चढावर गळून पडतं. म्हणून ते मुद्दाम उलटं कापतात. ती चूक नाही, बाई. ते तसं नसेल तर सायकल पुढे जात नाही.”

डावं पेडल तिच्या हातात होतं, आणि ते किती वेळ हातात आहे हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

“हे वेलीला सांगा,” ती म्हणाली.

“वेलीला काय सांगायचं? वेल अडाणी आहे. तिला एकच बाजू कळते.”

तिला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण एका कोपऱ्यातून निसटलंच.

*

त्यानंतर रोज सकाळी सहाला दोघं सुतळीपाशी भेटायचे. तह झाला होता, मैत्री नव्हे, असं ती स्वतःला सांगायची. ती डाव्या हातानंच गुंडाळायची, आणि तो शेजारी उभा राहून “पुढून... आता मागून...” म्हणायचा. ती म्हणायची, मला मागं-पुढं कळतं. तो म्हणायचा, हो, पण मला म्हणायला आवडतं. कधी शेंडा पुढे करताना त्याच्या बोटांचं ग्रीस तिच्या बोटांना लागायचं आणि तिच्या बोटांचा रंग त्याच्या. हात धुतले तरी नखांच्या कडांना उरायचा. ती दिवसभर शिडीवर चढून चिडचिड करायची, कारण सहा वाजून गेलेले असायचे आणि परत वाजायला फार वेळ होता.

भांडणं मात्र थांबली नव्हती. सुतळी सैल आहे यावरून, तो पाणी जास्त घालतो यावरून, पाटी अजून कोरी का यावरून. “जिच्याकडून करून घ्यायचीय ती रागावलेली असते,” तो म्हणायचा. “शांत झाली की सांगेन.”

वेल आता वाढता वाढेना म्हणण्याची सोय राहिली नव्हती. दिवसाला पाच-सहा बोटं चढायची. खत बंद झालं होतं, पानं आटोक्यात आली होती, आणि एका सकाळी सगळ्यात वरचा शेंडा खिडकीच्या गजाला एक वेढा घालून बसला होता. त्याच्या खाली, चौकटीला टेकून, पहिलं फूल उघडत होतं. आकाश अजून निळं झालं नव्हतं, पण ते झालं होतं. मधोमध पांढरा गळा, कडा अजून जराशा चुरगळलेल्या, झोपेतून उठल्यासारख्या.

ती दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर धावली. “मावशी, उठ. आली बघ, आता शब्द फिरवायचा नाही—”

मावशी बसलेली होती. पाठीला उशी, केस विंचरलेले, नाकावर चष्मा, आणि कोपर खिडकीत टेकवलेलं.

“हळू,” मावशी म्हणाली. “फूल हलतंय.”

डावरी दारातच थबकली. “कधीपासून?”

“तू ब्रश घेऊन त्याच्या अंगावर गेलीस ना, त्या दिवसापासून. आवाज येत होता पण शब्द नीट ऐकू येईनात. पडून पडून जीव कासावीस झाला. म्हटलं, उठून बघावं तरी कुणाला झापतेय.” मावशीनं चष्मा सारखा केला. “वेलीसाठी उठले असते की नाही, देव जाणे. पण एवढं चांगलं भांडण कोण सोडतं?”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर भांडायचं थांबला असतात. त्याला ठाऊक होतं. रोज सकाळी मला हात करायचा.”

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तिला नव्हतं. ती ज्या वेगानं वर आली होती त्याच्या दुप्पट वेगानं खाली गेली.

तो सुतळीपाशीच उभा होता, खिशात एक पेडल, वर फुलाकडे बघत.

“तुम्हाला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “इतके दिवस मी काळजीनं वाळतेय, आणि तुम्ही दोघं वरून-खालून मला बघताय.”

“रागावलात?”

“हो.”

“खूप?”

“हो.”

“मग आत्ताच बोलून घेतो.” त्यानं शर्टाला हात पुसले, जे आधीच पुसलेले होते. “तुम्ही शांत असता तेव्हा मला भीती वाटते. काय विचार करताय ते कळत नाही. असं आहे, की... माझी दोन्ही पेडलं उजवी आहेत. इतकी वर्षं सरळच चालवत आलो, सगळ्यांसारखं, आणि दर चढावर काहीतरी गळून पडतं. मला डाव्या आट्यांचं माणूस हवंय. कुठलंही नको. म्हणजे... तुम्ही.” तो थांबला. “आता ओरडा.”

तिनं तोंड उघडलं. ओरडायला काहीच नव्हतं. राग तिच्या तोंडातून सहज यायचा. बाकीचं जे काही होतं त्याला तोंडाची वाट माहीत नव्हती. त्याला एक हातच ठाऊक होता.

“तुमची पाटी आणा,” ती म्हणाली.

“आत्ता?”

“आत्ता.”

त्यानं दुकानावरून कोरी पाटी उतरवून आणली. तिनं ती भिंतीला टेकवली, निळा रंग घेतला, ब्रश डाव्या हातात धरला. दार लावून घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती उघड्यावर, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर, शेवटून लिहायला बसली.

उजव्या टोकाला आधी एक वेलांटी उतरली. मग तिच्याआधी ‘ह’. मग काना, मग ‘न’.

पाटीवर ‘नाही’ असं लिहिलेलं होतं.

तो बघत राहिला. तिची पाठ त्याच्याकडे होती, त्यामुळे त्याचा चेहरा तिला दिसला नाही. तिला फक्त एवढंच ऐकू आलं की कुणीतरी हळूच “समजलं” म्हणालं, एक पेडल पायरीवर ठेवलं गेलं, आणि मागचं दार करकरलं.

“अगं बये,” वरून मावशी म्हणाली, “तो चालला.”

ब्रश ओला होता, ‘त’ अर्धा झाला होता, आणि अर्ध्यावर अक्षर सोडलं की थेंब ओघळतो. “थांबायला काय धाड भरली होती?” ती दाराकडे न बघता ओरडली, आणि हे ओरडणं तिच्या आजवरच्या सगळ्या ओरडण्यांत वेगळं होतं, कारण आवाज मध्येच फाटला. “पाटी पुरती झाली का? सगळ्या जगाला पहिल्यापासून वाचायची घाई!”

‘त’ झाला. ‘क’ झाला. ‘र’ सरळ आला. शेवटी ‘ह’, आणि मग वर एका श्वासात शिरोरेघ, उजवीकडून डावीकडे. तिनं ओली पाटी दोन्ही हातांनी कडांना धरून उचलली आणि त्याच्या दारावर लाथ मारली.

दार उघडलं. त्यानं डोळ्यांसमोरची पाटी वाचली. एकदा. मग पुन्हा, पहिल्यापासून.

हरकत नाही.

“तू नेहमी असंच लिहितेस?” त्यानं विचारलं. ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

“नेहमी. काही अडचण?”

“नाही,” तो म्हणाला. “म्हणजे... पूर्ण वाच. हरकत नाही.” आणि त्यानं तिचा हात धरायला हात पुढे केला, पण मध्ये ओली पाटी होती.

“मला पण दाखवा काय ते,” मावशी वरून म्हणाली. “की मी जिना उतरून येऊ?”

त्या महिन्याच्या अखेरीला ती खरंच उतरून आली, एकेक पायरी, एका बाजूला भाची आणि दुसऱ्या बाजूला सायकलवाला. आल्या आल्या सुतळी सैल बांधली आहे म्हणून दोघांनाही बोलली.

दुकानावर पाटी अजून तीच आहे. हे सायकल दुरुस्तीच्या दुकानाचं नाव आहे, असं नव्या गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. जुनी म्हणतात, “हरकत नाही”ला सायकल टाकलीय, संध्याकाळी मिळेल. पाटीवरचं अक्षर सुंदर आहे, फक्त पहिल्या ‘ह’च्या पोटात ओला रंग फरकटून एक अंगठा उमटलाय. कुणी हसलं की पाटीवाली अजूनही भडकते आणि त्याला जवळ नेऊन दाखवते.

अंगठा उजव्या हाताचा आहे.